सात वाजताची सुई

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चन्नबसम्मा, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. पंचाहत्तरी उलटली, साखरेचा आजार आहे, तरी नाही. इन्सुलिनची सुई मात्र चालते, कारण ती तोंडातून जात नाही. हा तोडगा त्यांनीच काढलाय आणि डॉक्टरांनी हात जोडून मान्य केलाय. रोज सात वाजता मी सुई देते, त्या पूजेला बसतात आणि अर्ध्या तासात ताटावर येतात. बारा वर्षं झाली. माझ्या हाताला आता घड्याळ लागत नाही, आणि घोटाळा त्यामुळंच झाला.

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन बंगळूरला करायचं म्हणून तिथं राहणाऱ्या माझ्या मुलानं, रुद्रेशनं, विमानाची तिकिटं काढली होती. ताडकळसहून पहाटे चारला गाडी निघाली. त्याआधी पूजा उरकून घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "उरकायला ती काय भांडी हायेत? रुद्रेशच्या घरी निवांत करते." मग सुईपण तिथंच घ्यायची असं ठरलं.

धुकं इतकं, की चुडावा गाव मागं गेलं ते ड्रायव्हरनं सांगितल्यावर कळलं. नांदेडच्या विमानतळावर बसलो. सात वाजले. माझ्या हातानं पिशवीतून सुई काढली आणि आत्याबाईंच्या दंडात टोचली. त्यांनीही सवयीनं दंड पुढं केला. टोचून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात माइकवर सांगितलं, धुक्यामुळं विमान दहाच्या आधी सुटणार नाही.

डॉक्टरांनी शंभरदा बजावलं होतं, सुईनंतर अन्न गेलं नाही तर साखर एकदम उतरते, माणूस बसल्या जागी जातो.

विमान कंपनीच्या मुली हसतमुखानं सगळ्यांना गरम उपमा अन् चहा वाटायला लागल्या. मी उपम्याचा डबा उघडून आत्याबाईंपुढं धरला.

"पूजा?" त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी सुई देऊन बसले. दोन घास खा. खडीसाखर तरी चघळा."

"साठ वर्षांत न्हाई चघळली."

"मी पाया पडते."

"पड. पण बिनपूजेचं खायला सांगू नको."

पावणेआठला त्यांच्या कपाळावर घाम आला. बाहेर एवढी थंडी, लोक मफलर गुंडाळून बसलेले, आणि या घामेजल्या. हात धरला तर बोटं थरथरत होती. जबरदस्तीनं तोंडात साखर कोंबावी का? कोंबली आणि त्या वाचल्या, तर जन्मभर माझ्याकडं बघणार नाहीत. नाही कोंबली तर... पुढचं मला मनातही म्हणवेना. माझे डोळे वाहायला लागले.

उपमा वाटणारी एक मुलगी खाली वाकली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं धम्मशीला. "काय झालं ताई?"

मी सगळं भडाभडा सांगितलं. ती अर्धं ऐकूनच आत्याबाईंकडं वळली. "आजी, पूजेला काय काय लागतंय?"

"पाणी, अन् बसायला जागा. भस्म अन् बेल हाय माझ्यापाशी."

"चला मग." तिनं चाकाची खुर्ची मागवली. लेकुरवाळ्यांसाठी एक छोटी खोली होती, तिथं स्वच्छ शाल अंथरली, नव्या पेल्यात पाणी आणलं आणि पाठीला टेकू म्हणून उशी दिली. वॉकीटॉकीवर कुणीतरी बोलवत होतं. "पाच मिनटं," एवढं म्हणून तिनं तो बंद केला.

आत्याबाईंनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. तो हात हलत होता. लिंग पडलं तर त्या तिथंच प्राण सोडतील, हे मला पक्कं माहीत होतं. मी आधाराला हात पुढं केला, तर माझा त्यांच्यापेक्षा जास्त हलायला लागला.

"माझा हात चालंल का, आजी?" धम्मशीलानं विचारलं.

"बसवण्णाच्या घरात कुणाचा हात चालत न्हाई गं? धर."

तिनं ओंजळ खालून लावली. पाणी, भस्म, बेलाचं पान. घरी अर्धा तास चालणारी पूजा. आज त्यांचे ओठ मधेच थांबत, डोळे मिटत, आणि मी प्रत्येक वेळी मोजत होते, उघडतात का. उघडत होते. शेवटी त्यांनी लिंग गळ्यात घातलं, तीर्थ घेतलं आणि तोंड उघडलं. मी खडीसाखर ठेवली, मग उपमा भरवला.

दहा मिनिटांनी कपाळ कोरडं झालं. बोटं थांबली. धम्मशीला दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मग हळूच डोळे पुसून कामाला गेली.

आत्याबाईंनी सगळा डबा संपवला. माझ्याकडं बघितलं.

"आपलं ठरलं काय होतं? सुई कुठं घ्यायची?"

"रुद्रेशच्या घरी."

"हं." पदरानं तोंड पुसलं. "माझाबी दंड पुढं झालाच की. त्याला सांगू नको. उगं तुला बोलंल."