ओबाऽचान माप घेते

साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी मात्र साठीनंतर जपानी शिकायला बसली. कारण एकच. लेक लग्न करून तिकडे गेली, जावई तिकडचा, आणि चार वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. फोनवर मी दिसले की पोर आईच्या मागे लपायची. ते मला फार लागायचं.

शिकवणीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी, यांच्याकडे 'मी' कितीतरी आहेत. पुरुषांचं वेगळं, पोरांचं वेगळं, साहेबापुढचं आणखी वेगळं."

मी पडले शिंपीण. चार कापडं समोर टाकली की हात उंची कापडावरच जायचा. सगळ्यांत अदबीचं 'वाताकुशी' उचललं आणि मशीन चालवता चालवता घोकलं. नातीला 'तू' म्हणायला 'आनाता'ही पाठ केलं.

रविवारी फोन लागला. मी पदर सारखा करून म्हटलं, "वाताकुशी..."

पोर थेट खोलीबाहेर. लेक हसून बेजार.

"आई, तू बँकेतल्या बाईसारखी बोलतेस. घाबरली ना ती."

"मग काय म्हणू?"

"मला लहानपणी 'मी भरवते' म्हणायचीस का? 'आई भरवते' म्हणायचीस. इथंही तसंच. तू ओबाऽचान, म्हणजे आजी. आणि तिला आनाता नको, नावानं हाक मार."

मला माझाच राग आला. दुकानात एखादं बुजरं पोर आलं, तर मी आधी त्याच्या खेळण्याचं माप घेते, मग हळूच त्याचं. आणि आपल्याच नातीच्या अंगावर फीत घेऊन धावले होते.

पुढच्या रविवारी फोन मशीनला टेकवून ठेवला. चिंध्यांची बाहुली घेतली, तिला फीत लावली आणि जपानीत एवढंच म्हटलं, "ओबाऽचान शिवतेय." मग खरंच शिवत बसले. थोड्या वेळानं फोनच्या पडद्याच्या कडेला एक डोळा दिसला. मी मान वर केली नाही. जीव मात्र टांगणीला लागला होता.

"ओबाऽचान, कोरे."

कोरे म्हणजे हे. पहिल्याच धड्यातला शब्द. तिनं कापडी अस्वलाचा उसवलेला कान अगदी कॅमेऱ्याला चिकटवला होता. मी फीत काचेला लावली आणि कानाचं माप घेतलं.

पोरीच्या मागून लेकीचा आवाज आला, "आई, रडतेस काय?"

"ओबाऽचान रडत नाही," मी म्हटलं, आणि पदरानं नाक पुसलं.