सालईचा खांब

चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या जुन्या फाट्यावर, मित्रांनो, एक लाकडी स्टेशन अजून उभे आहे. ते मी. माझ्या अंगावर नवा पिवळा रंग आहे. त्या रंगाच्या आत काय आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच बोलते आहे.

इथल्या जमिनीत मँगनीज सापडले तेव्हा रूळ घाईघाईने टाकले गेले. वीट लांबून आणावी लागे आणि जंगल मात्र दाराशी होते. शिवाय मँगनीज संपले की स्टेशनही उचलून दुसरीकडे न्यायचे, असा साहेब लोकांचा बेत होता. म्हणून आम्हाला लाकडाचे केले. माझ्या प्रत्येक फळीवर छिन्नीने आकडा कोरलेला आहे. उकलून पुन्हा जोडता यावे म्हणून. अशी आम्ही पाच भावंडे होतो.

माझ्या ओसरीला चार खांब. तीन सागवानाचे. चौथ्याच्या वेळी सागवान संपले आणि सुताराने सालईचे लाकूड उभे केले. सालई मऊ, उधईला, म्हणजे वाळवीला, फार आवडते. सुतार कचरत होता, पण मुकादम म्हणाला, "लाव रे बापा! पाच वर्साचं तं काम हाय."

शंभरावर वर्षे झाली.

भावंडांपैकी दोघांना पाडून तिथे विटांची स्टेशने झाली. एक मोहफुलांच्या दिवसांत लागलेल्या वणव्यात गेले. एकाच्या फळ्या लोकांनी चुलीत घातल्या. मी मात्र टिकले, आणि ते यादोरावामुळे. यादोराव माझा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस. दसरा झाला, जमीन वाळली, की तो लहान हातोडी घेऊन येई आणि एकेक खांब ठोकून कान लावून ऐके. सागवान टणटण बोले. सालईपाशी तो एकदा ठोके, थांबे आणि पुन्हा ठोके. दोनदा ठोकायचा तो फक्त त्याच खांबाला. मग बुंध्याला जळके तेल चोपडी, आजूबाजूची माती उकरून पाही. तेलाचा डबा धरून त्याची लेक सुंदर मागे उभी असे.

"काहून ठोकतं गा बा, दर वर्सी?" ती विचारी.

"खांबाले तोंड नाई, माय. आपुनच त्याले इचारा लागते."

तेव्हा माझ्याकडे दिवसातून दोन गाड्या थांबत. मोहाडीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया टोपल्या घेऊन ओसरीत बसत आणि गाडीला उशीर झाला की यादोरावालाच शिव्या घालत. "किती साजरं ठेवलं ठेसन!" असेही त्याच म्हणत.

पुढे रूळ रुंद झाले, वाट बदलली, पलीकडे सिमेंटचे स्टेशन झाले. त्याच उन्हाळ्यात यादोराव गेला. हातोडी माझ्या आतल्या खिळ्याला तशीच लटकत राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात चौथ्या खांबाच्या बुडाशी एक वारूळ वर आले. सुंदरबाईने ते पाहिले आणि तिथेच बसली.

"बा आला," ती म्हणाली. "नागोबा होऊन आला. ठेसन सोडवलं नाई त्याच्यानं."

तिने हळदकुंकू वाहिले, लाह्या ठेवल्या. कोणालाही वारुळाला कुदळ लावू दिली नाही. दर नागपंचमीला गावच्या बाया येऊ लागल्या. वारूळ गुडघ्याइतके झाले, मग कमरेइतके. मित्रांनो, माझ्या पायाशी दूध वाहिले जात होते आणि त्याच जागेतून उधई वर चढत होती. ती मोठी हुशार असते. आतले सगळे खाते आणि बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते. मला ते खाणे ऐकू येई. कोरड्या पानांवरून कोणी सावकाश चालत असावे, तसा तो आवाज. तीस वर्षे मी तो ऐकला आणि सांगू शकले नाही.

यंदा सुंदरबाईचा भाचा विनोद याने मला जुनी आठवण म्हणून जपायचे ठरवले. हेतू चांगला होता. रंगाऱ्याने भेगांत पुट्टी भरली, वर दोन हात पिवळा रंग दिला. वारुळाभोवती चुन्याने गोल आखून झेंडूची माळ घातली. लोक म्हणाले, नव्यासारखे दिसते.

सव्वीस जानेवारीला पाहुणे यायचे होते. फोटोसाठी शाळेची तीस लेकरे ओसरीत बसवली. टेबलावर यादोरावाचा कंदील, शिट्टी आणि हातोडी मांडली. विनोदची लेक टीना चौथ्या खांबाला टेकून बसली होती. बसल्या बसल्या तिने रंगाचा फुगवटा बोटाने दाबला. बोट आत गेले, पेरापर्यंत.

"सुंदरआजी, हा खांब मऊ हाय!" ती हसली. "पोळीवानी!"

सुंदरबाई हसली नाही. टेबलावरची हातोडी उचलून ती खांबापाशी आली आणि तिने ठोकले. माती भरलेल्या मडक्यावर मारावे, तसा भद्द आवाज झाला. ती थांबली. पुन्हा ठोकले.

"आत्या, पाव्हणे फाट्यावर आले," विनोद म्हणाला. "आन् तू ठोकत काय बसली?"

"लेकरायले उठव."

"आता? फोटोवाला उभा हाय."

"मंग पाव्हण्यायलेच बसव इथं. लेकरायले उठव म्हन्ते ना मी!"

"खांबाले काय झालं? आन् झालं असंन, तं तूच तं हात लावू देत नव्हती वारुळाले. तुहाच बा हाय ना तो?"

सुंदरबाईने हातोडी खाली केली.

"हाव," ती म्हणाली. "मीच देल्ली नाई. बानं इचाराले सांगतलं होतं, आन् मी पुजत बसली. चुकलं माह्यं. उठव आता."

विनोदने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि टाळी वाजवली. लेकरे कुरकुरत अंगणात गेली. शेवटी टीना उठली; खांबाला टेकलेली तिची पाठ सुटली.

मी काही क्षण उभे होते. मग चौथा खांब मोडला आणि ओसरीची ती बाजू कौलांसकट खाली बसली.

लेकरे बाहेर पडेपर्यंत मी जीव धरून राहिले, असे लोक आता सांगतात. ते खरे नाही, मित्रांनो. लाकूड असे काही करू शकत नाही. म्हातारी थोडी आधी ठोकून गेली, एवढेच.

पडलेल्या तुळईखाली वारूळ फुटले होते. सुंदरबाईने वाकून आत पाहिले. आत बोळच बोळ होते. साप नव्हता. बासुद्धा नव्हता. तिने झेंडूची माळ उचलली आणि हातोडी पदराला पुसली.

मला रंग लावणारे पुष्कळ आले, हार घालणारेही आले. तुमच्या गावात माझ्यासारखे काही जुने उभे असेल, तर त्याच्याजवळ जा, ठोका आणि ऐका. जे ऐकू येईल ते आवडले नाही, तरी ऐका.

उरलेल्या तीन खांबांना आता टेकू दिले आहेत. सागवानातही एखादा कच्चा पट्टा असतोच. सुंदरबाई दर सोमवारी येते. काल ती पहिल्या खांबाला ठोकून पुढे गेली. दुसऱ्यालाही तसेच. तिसऱ्यापाशी तिने एकदा ठोकले आणि थांबली.

मग पुन्हा ठोकले.