बोलकं कापड

शनिवारी दुपारी आमच्या वावाऊ बेटावरचं सारं गाव सभाघरात दाटीवाटीनं बसलं होतं. पुढे कावा या मुळीच्या पेयाच्या परातीभोवती पुरुष, मागे बायका, आणि मधोमध सालेसीबुवा. बुवांनी तुतीच्या सालीचं कोरं कापड झटकून दाखवलं. "काही दिसतंय? नाही ना? आता पूर्वज बोलतील." तांबड्या रंगात बुडवलेला बोळा त्यांनी कापडावरून फिरवला आणि पांढरी अक्षरं उमटली: 'हक्क सगळ्यांना हवा, रांग कुणालाच नको.'

माणसं खो खो हसली. शाळेचा मास्तर असून मीही हसलो आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. आदल्या शनिवारी उमटलं होतं, 'सल्ला सगळ्यांना पटतो, दुसऱ्याला दिलेला असला तर.' इतकं खरं बोलणारं कापड खोटं कसं असेल, असं मला वाटलं. माझं चुकलं ते तिथेच.

बुवांनी दुसरं कापड घेतलं. त्यावर आलं, 'नवरा गेला की बाईचा हक्क आठवणींपुरता.' लोक पुन्हा हसले. पिसिला हसली नाही. नवऱ्यामागे तुतीच्या मळ्यावर ती तीन पोरं वाढवत होती आणि त्याच मळ्यावर तिच्या दिराचा, आइसाकेचा, डोळा होता.

"वहिनी, पूर्वजांपुढे आपलं काय चालतं?" आइसाके हळहळल्यासारखं करत म्हणाला. "उद्या रविवार, काम बंद. सोमवारी मळ्यात हद्दीचे खुंट रोवतो."

पिसिला उठून पुढे आली. तिनं ते कापड नाकाला लावलं.

"भाऊजी, पूर्वज खोबरेल चोपडून येतात होय?"

"अगं, सभेला येताना आपण सगळेच लावतो," बुवा म्हणाले.

"अंगाला लावतो. कापडाला लागलं तर आई पाठीत धपाटा घालायची. तेलकट बोट लागलं, तिथं रंग धरत नाही. विचारा कुठल्याही पोरीला."

मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण कापड बायकांनी करायचं आणि त्याचा अर्थ पुरुषांनी सांगायचा, ही आमची रीत. त्यांना विचारलं होतं कुणी?

सभाघरातल्या कोऱ्या कापडांतून पिसिलानं एक तुकडा ओढला, आपल्याच दंडावरचं तेल बोटाला घेऊन त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो माझ्यापुढे धरला. "मास्तर, बोळा तुम्हीच फिरवा."

मी फिरवला. उमटलं: 'मळा माझा आहे.'

"हेही पूर्वजच म्हणाले का हो, बुवा?" मागून एका म्हातारीनं विचारलं. बुवा कावाच्या वाटीत तोंड घालून बसले. सोमवारी खुंट काही रोवले गेले नाहीत.

वहीतली पहिली दोन वाक्यं मी खोडली नाहीत. चांगली आहेत ती. पण दोन खऱ्या वाक्यांच्या मागून तिसरं खोटं बिनबोभाट आत शिरतं, आणि आपण हसता हसता मान डोलावतो. आमच्या हसण्यात एका बाईचा मळा जाणार होता, याची मला अजून लाज वाटते. तेव्हा मंडळी, वाक्य कितीही चुरचुरीत असो, मान डोलावण्याआधी लिहिणाऱ्याचं बोट हुंगून बघा.