तीन भिंतींची खोली

थोरल्याने बांबूतून गिरमिट उपसलं, भोकात जोरात फुंकर मारली आणि सगळा भुसा स्वतःच्याच डोळ्यांत उडवून घेतला.

"झालं का?" शेजारी बसून भिंतीसाठी कामट्या विणणाऱ्या बायकोने विचारलं.

"होतंय."

"आईंची खोली ना? चांगली करा हो. भावजींच्या घराला शोभली पाहिजे."

आगीत तेल ओतायचं काम ती असं गोड बोलूनच करायची. थोरल्याने डोळे चोळले आणि गिरमिट पुढच्या बांबूला लावलं.

पुराने जुनी वस्ती धुऊन नेल्यापासून दोघे भाऊ या कारखान्यात होते. इथे घरं सुटी सुटी बनायची. बांबूचा सांगाडा बांधायचा, त्याला विणलेल्या भिंती खुंट्यांनी टांगायच्या, त्यांवर माती, भुसा आणि चुना लिंपायचा, आणि अख्खं घर उंच खांबांवर नेऊन ठेवायचं. पाणी आलं तर खालून निघून जाईल. फारच चढलं तर खुंट्या काढून घर उचलून न्यायचं. प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या होत्या. घरात म्हातारं माणूस असेल तर तिसरी मिळायची, पण ती लेकाच्या नाहीतर लेकीच्या घराला जोडलेली. म्हणून तिला भिंती तीनच. चौथ्या बाजूला लेकाचं घर.

आणि आईने सांगून टाकलं होतं, मी धाकट्याकडे राहीन.

ते ऐकल्यापासून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुराच्या दिवशी आईला पाठीवर घेऊन गळाभर पाण्यातून शाळेच्या गच्चीवर कुणी नेलं? यानेच. आणि पाठीवर बसून ती सारखी काय विचारत होती, तर "धाकटा आला का रे? धाकटा कुठंय?" तो लाडोबा तिकडे आधीच गच्चीवर बसून चहा पीत होता! तेव्हापासून धाकट्याच्या हातात कप दिसला तरी थोरल्याच्या पोटात दुखायचं.

धाकट्याच्या घराला खोली डाव्या टोकाला लागणार होती. म्हणजे तिची उघडी बाजू उजवीकडे हवी, जोडाच्या खुंट्यांची मोठी भोकं उजवीकडच्या बांबूंना हवीत. थोरल्याच्या घराला मात्र जागा उजव्या टोकाला. छपराला उतार असल्यामुळे खोली उलटी फिरवून बसवता येत नसे.

थोरल्याने भोकं डावीकडच्या बांबूंना पाडली. एकेक, सावकाश, मापात. आयुष्यात इतकं सुबक काम त्याने केलं नव्हतं.

खोली बसवायच्या दिवशी आई धाकट्याच्या पायरीवर पदर खोचून बसली होती. गड्यांनी सांगाडा उचलून खांबांवर ठेवला. धाकटा खुंट्या घेऊन वर चढला आणि जोडाची भोकं चाचपू लागला. भोकं नव्हती. ती सगळी पलीकडे, नदीच्या बाजूला होती.

"अरे, ही तर उलटी झाली," खालून गडी ओरडला. "भिंत घराकडे आणि उघडी बाजू नदीकडे!"

"चुकलं वाटतं," थोरला म्हणाला.

धाकटा वरून त्याच्याकडे बघत राहिला. "दादा, तुझं भोक कधी चुकलंय का? एकदा तरी?"

"माणूस आहे. चुकतो."

"मग इकडे नवीन पाड."

"दोन्हीकडे एवढी मोठी भोकं पाडली तर सांगाडा पहिल्याच पुरात तडकेल. तुला माहीत नाही होय?" थोरल्याने घसा साफ केला. "आता झालंय ते झालंय. माझ्याकडे बरोबर बसेल ती."

"बसेलच की! मापच तिकडचं घेतलंस!"

धाकट्याने हातातल्या खुंट्या खाली भिरकावल्या. गडी उगाच दोर गुंडाळू लागले. दोन्ही जावा आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्याकडे बसेल," आई म्हणाली. "मला विचारलंस कधी, तुझ्याकडे येतेस का म्हणून? धाकट्याने विचारलं, मी हो म्हटलं. तू सरळ भोकंच पाडलीस."

"विचारायचं काय त्यात? तुझा जीव त्याच्यातच. मी पाठीवरून नेलं तुला, तरी तू त्यालाच हाका मारत होतीस."

"तू माझ्या हाताशी होतास, मेल्या! तुझ्या गळ्याला मिठी मारून बसले होते मी. दिसत नव्हता तो हा!"

थोरल्याने वाकून एक खुंटी उचलली आणि तिचं टोक अंगठ्याने घासत बसला. इतके दिवस उराशी धरून ठेवलेला राग असा भर रस्त्यात कुणी काढून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं.

आई उठली. खोलीच्या कडेने चालत नदीच्या बाजूला गेली, मान वर करून उघड्या बाजूकडे बघत राहिली.

"या भोकांत भिंत टांगता येते का रे?"

"कसली भिंत?" थोरल्याने विचारलं.

"चौथी."

"येते. पण मग घराला कुठे जोडणार?"

"नाहीच जोडायची. ओळीच्या शेवटी ते मोकळे खांब आहेत ना, ज्यांचं कुटुंब आलंच नाही? तिथे नेऊन ठेवा."

"एकटी राहणार?" धाकट्याचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लग्न होईपर्यंत बापाच्या घरात, मग सासऱ्याच्या, मग तुमच्या बापाच्या. आता तुमच्या घराला शेपटासारखी लटकू? आणि वर तुमची ओढाताण बघू?"

थोरल्याने घाईघाईने खिशातली दोरी काढली आणि उघड्या बाजूचं माप घ्यायला पुढे झाला.

"भिंत मी करतो, आई. दोन दिवसांत देतो."

"तू का? मी करतो!" धाकटा टुणकन खाली उतरला. "आधी मी खोली मागितली होती."

"तुला विणता तरी येतं का धड?"

"तुझ्याइतकं येतं. निदान उलटं तरी करत नाही!"

दोरीचं एक टोक थोरल्याच्या हातात होतं, दुसरं धाकट्याने धरलं. कुणीच सोडेना.

"कुणीही करा," आई म्हणाली. "दाराला कडी मात्र आतून बसवा."