आडवा सिग्नल

आल्फोन्स बसमध्ये चढला खरा, पण तोंड वाकडं करून. "या बसनंच माझी गाडी खाल्ली," तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला.

"खाल्ली तर खाल्ली. मागच्या ट्रेलरवर तुझी सायकल नीट बांधलीय का तेवढं बघ," हिल्ट्रूड म्हणाली.

छत्तीस वर्षांपूर्वी आयफेलच्या डोंगरातून मोझेल नदीपर्यंत उतरणारी त्यांची छोटी रेल्वे बंद झाली. शेवटची गाडी आल्फोन्सनंच चालवली होती. मग प्रवाशांसाठी बस आली, रूळ निघाले, डांबर पडलं आणि त्या वाटेवरून सायकली धावायला लागल्या. लोक बसनं सायकली वर नेतात आणि दिवसभर मजेत नदीकडे उतरत येतात. अख्ख्या गावानं ही वाट पालथी घातली, पण आल्फोन्सनं तिच्यावर पाऊल ठेवलं नाही. "तो रेल्वेचा मार्ग आहे, चड्ड्या घालून हुंदडायची जागा नाही," असं त्याचं म्हणणं.

आज तो आला, कारण आज त्याची परीक्षा होती. लग्न झालं त्या वर्षी दोघं पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठानं सायकलवर जाणार होते. नवी कोरी जोडी, नव्या कोऱ्या सायकली. निघायच्या आदल्या दिवशी त्याची ड्यूटी बदलली. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणाला. त्या गोष्टीला आता त्रेचाळीस वर्षं झाली होती. निवृत्त होऊनही तो बाल्कनीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसेसची वेळ तपासायचा. शेवटी हिल्ट्रूडनंच जूनसाठी डॅन्यूबकाठच्या खोल्या ठरवून टाकल्या आणि त्याला सांगितलं, "सोबतीला तू, नाहीतर रोसविथा. ती संध्याकाळी फोन करणार आहे. तुझी ती रेल्वेची वाट नदीपर्यंत उतरून दाखव. तेवढं जमलं, तर पुढचंही जमेल."

रोसविथा तिची बालमैत्रीण. स्वभावानं सोन्यासारखी, पण तोंड मिटायचं नाव नाही. हिल्ट्रूडला सोबत हवी होती ती या खडूस माणसाचीच. आता याला काय म्हणावं!

वर बस रिकामी झाली आणि दोघं निघाले. मे महिन्याचं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळी झुडपं फुललेली, उतार इतका हलका की पाय नुसते पेडलवर ठेवायचे. पहिले दोन किलोमीटर आल्फोन्स ब्रेक धरूनच उतरला. मग रेल्वेची एक जुनी 'शिट्टी वाजवा'ची पाटी आली आणि त्यानं टणाटण घंटी वाजवली.

"समोर कुणी नाहीये रे," हिल्ट्रूड म्हणाली.

"पाटी आहे ना."

पुढे फाटकाची जागा आली. तिथं आता सायकलींनी थांबायचं आणि शेतावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, अशी खूण होती. आल्फोन्स संतापला. "रेल्वेनं ट्रॅक्टरसाठी थांबायचं? हा कुठला न्याय?" ट्रॅक्टरवाल्यानं हसून हातानं 'जा जा' केलं. आल्फोन्स ताठ मानेनं पुढे गेला आणि त्यानंतर त्याची कळी खुलली. बोगद्यात त्यानं लांबलचक घंटी वाजवली. पुलावर थांबून खालची लीझर नदी दाखवली. "इथं मी नेहमी वेग कमी करायचो. लोकांना बघता यावं म्हणून." हिल्ट्रूडला हे ठाऊकच नव्हतं. तिला एकदम बरं वाटलं.

ओबरलाइस्टचं जुनं स्टेशन म्हणजे आता नेर्मिनबाईंचं कॅफे. तिथं दोघांनी रुबार्बचा केक खाल्ला. तिकिटांच्या खिडकीतून कॉफी येते हे बघून आल्फोन्स चक्क हसला. सगळं कसं छान चाललं होतं! आणि दोघं निघाले, तर वीस पावलांवर याची सायकल थांबली.

"आता काय झालं?"

"सिग्नल."

वाटेच्या कडेला जुना सिग्नल उभा होता. लाल-पांढरा हात नवा रंगवलेला, आडवा, म्हणजे 'थांबा'.

"शोभेचा आहे तो, आल्फोन्स."

"आडवा आहे."

नेर्मिनबाई दारात आल्या, तसा त्यानं आवाज दिला, "बाई, हा हात जरा वर करता का?"

"नाही होत हो. वाऱ्यात करकरायचा, म्हणून वेल्डिंग करून घेतलं."

"आडवाच?"

"आडवाच बरा. लोक थांबतात, केक खातात."

मागून सायकलींचा एक घोळका आला आणि 'हॅलो, हॅलो' करत सिग्नलखालून सुळकन निघून गेला. आल्फोन्स जागचा हलला नाही.

"पुरे झाली नाटकं," हिल्ट्रूड म्हणाली.

"नाटक नाही गं. शेवटच्या दिवशी मी निघालो तेव्हा हा हात वर होता. माझ्यामागे तो आडवा झाला आणि पुन्हा कुणी वर केलाच नाही. नोकरीत मी एकदाही आडवा हात ओलांडला नाही. आज ओलांडला तर... तर मग गाडी खरंच संपली म्हणायची."

"छत्तीस वर्षं झाली तिला संपून! मी अजून आहे, माझ्याकडे बघ की!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उभा राहा मग. मी जाते रोसविथाबरोबर."

ती तिरीमिरीत निघाली. वळणावर थांबून तिनं फोन बाहेर काढला, रोसविथाचा नंबर काढला आणि मागे पाहिलं. तो तसाच उभा होता, सायकल धरून, पाय जुळवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. आणि हिल्ट्रूडला खरोखरच त्याची रेल्वेचालकाची परीक्षा आठवली. नवी नवरी असताना तीच तर स्वयंपाकघरात नियमांचं पुस्तक हातात धरून त्याची उजळणी घ्यायची. बटाटे सोलता सोलता तिलाही सगळं पाठ झालं होतं. सिग्नल आडवा असेल तर गाडी पुढे कधी न्यावी? स्टेशनवरच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश मिळाल्यावर!

"अगं बाई," ती मोठ्यानं म्हणाली आणि तिनं सायकल वळवली.

ती त्याच्याकडे न बघता थेट कॅफेत शिरली. "नेर्मिनबाई, हे स्टेशन तुमचंच ना?"

"कागदोपत्री तरी माझंच."

"मग एक कागद द्या, आणि मी लिहिते त्याखाली सही करा."

पाच मिनिटांनी तिनं ऑर्डर लिहायच्या वहीचा कागद आल्फोन्सच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला आणि तो तपासला. "वेळ नाही लिहिली."

"लिही तूच."

त्यानं घड्याळ पाहून दोन वाजून सतरा मिनिटं लिहिलं. "आदेश मोठ्यानं वाचावा लागतो," तो म्हणाला.

"माहितीय. वाच."

आल्फोन्सनं घसा साफ केला. "लेखी आदेश. चालक आल्फोन्स यांनी ओबरलाइस्ट येथील आडवा सिग्नल ओलांडून पुढे जावे. सिग्नल नादुरुस्त आहे. मार्ग मोझेलपर्यंत मोकळा. तिथून पुढे..." तो थांबला. त्यानं चष्मा पुसला. "तिथून पुढे पासाऊ ते व्हिएन्ना. प्रवासी एक. हिल्ट्रूड."

"सही आहे बरं का माझी," नेर्मिनबाई दारातून ओरडल्या.

आल्फोन्सनं पुन्हा पेन मागितलं, कागद सायकलच्या सीटवर ठेवला आणि खाली सही केली. पण पेन काही परत देईना. वाकून आणखी काहीतरी लिहीत बसला. मग कागदाची नीट घडी घालून त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला, लांब घंटी वाजवली आणि सिग्नलखालून निघाला.

"काय लिहिलंस रे?" मागून पेडल मारत हिल्ट्रूडनं विचारलं.

"गाडीला उशीर झाला की चालकाला लिहावंच लागतं," तो मागे न बघता म्हणाला. "उशीर, त्रेचाळीस वर्षं. कारण, चालक."