कुरतडलेली पाकळी

म्हसावदच्या बाजारात त्या दिवशी कुणी मीठ घेईना, कुणी कापडाला हात लावीना. सगळा बाजार चिंचेखाली लोटला होता. तिथे काळ्या कापडाचा मांडव होता, मांडवात पितळी परात, परातीत पाणी आणि परातीमागे छायानंद महाराज. महाराजांची दाढी वीतभर आणि जीभ हातभर.

"कागद कोरा आहे, मायबाप. आईच्या पोटी जीव येतो तसा कोरा. आणि हे पाणी गंगेचं नाही, तापीचं नाही. हे वैतरणीचं पाणी. मेलेला याच पाण्यातून पलीकडे गेला, याच पाण्यातून अलीकडे येईल."

वैतरणीचं पाणी कोणत्या गाडीनं आणलं आणि हमाली किती पडली, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. पण निजामनं माझी बाही ओढली. आम्ही दोघं डोंगरात सोनसावरीच्या फुलांचे फोटो काढायला निघालो होतो आणि गर्दीत अडकलो होतो. सन एकोणीसशे चौतीसचा फाल्गुन. मी नंदुरबारच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे, निजाम मिरचीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. आम्हा चार-पाच जणांना फुलांचे फोटो काढायचं वेड होतं. रविवारी निजामच्या ओट्यावर बसून एकमेकांची चित्रं बघायची आणि त्यातल्या चुका काढायच्या, हा आमचा धर्म. गाव आम्हाला खुळे म्हणे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

महाराजांनी पुढे बोलावलं तो डोंगरातला पावरा आदिवासी होता, फुलसिंग. पावसाळ्यात तापानं त्याची बायको गेली होती. तो परातीसमोर उकिडवा बसला. महाराजांनी काळ्या फडक्यातून एक पांढराशुभ्र कागद काढला, उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला आणि पाण्यात सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग कागदाच्या मधोमध एक डाग उमटला, तंबाखूच्या रंगाचा. डागाला डोळे आले. नाक आलं, कपाळावरचं गोंदण आलं. सगळा बाजार पुढे झुकला. पाण्याखालून एक बाई वर बघत होती.

भूत नसतं, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला ठणकावून सांगतो. पण खरं सांगतो, मी एक पाऊल मागे सरलो. कारण ती माझ्याकडेच बघत होती आणि मी तिला ओळखत होतो. ती सोनीबाई होती. आदल्या फाल्गुनात मी तिला जिवंत पाहिलं होतं, हसताना ऐकलं होतं. ती गेल्याचं मला त्या परातीतच कळलं.

फुलसिंग रडला नाही. त्यानं नुसता हात पुढे केला आणि पाण्याला लावायचं धाडस न होऊन मागे घेतला.

"बोलते आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "म्हणते, मला ताप नव्हता. मला खाल्लं. डाकणीनं खाल्लं. नाव घ्यायला भिते बिचारी. पुढच्या बाजाराला हिलाच पाठवीन. खाणारीचं तोंड ती याच पाण्यात आणून दाखवील."

फुलसिंगच्या मागे काठीवर हनुवटी टेकून उदेसिंग नावाचा एक जण उभा होता. तो हळूच म्हणाला, "जमना." आणि आसपासच्या चार माना हलल्या. महाराजांनी परातीतलं पाणी गर्दीवर शिंपडलं. एक थेंब माझ्या ओठावर पडला. आधी गोडसर लागला, मग कडवट. चव ओळखीची वाटली, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

जमनाबाई म्हणजे उदेसिंगच्या मेलेल्या भावाची बायको. फुलसिंगच्या शेजारचं झोपडं तिचं. मूलबाळ नाही आणि बांधावर मोहाची जुनी झाडं, जी दिराच्या डोळ्यात सलत होती. डोंगरात बाईला एकदा डाकीण म्हटलं की तिचं काय होतं, ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. नशीब चांगलं असेल तर नुसतं गावाबाहेर हाकलतात.

बाजार उठल्यावर फुलसिंग तो ओला कागद छातीशी धरून ओढ्याकाठी बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. निजाम वाकून कागद न्याहाळीत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "बाईना हातमा देखा."

सोनीबाईच्या हातात सोनसावरीची फांदी होती. फांदीवर एकच फूल होतं, पाच पाकळ्यांचं. खालची पाकळी अळीनं कुरतडलेली.

"हाई तर आपली पाकळी शे."

आपलीच होती. या पाकळीवरून निजामच्या ओट्यावर काय रणकंदन झालं होतं. वाऱ्यात फूल हलतं आणि चित्र पुसट येतं, म्हणून मी नेहमी जवळच्या कुणाला तरी फांदी धरायला लावतो. त्या दिवशी आधी सोनीबाईनं धरली, मग जमनाबाईनं. दोघी एकमेकींना चिडवत होत्या. मी चित्रं मोठ्या ऐटीत ओट्यावर मांडली, तर आमच्यातला नवापूरचा जहीर म्हणाला, "मास्तर, झाडाला एवढी फुलं होती आणि तुम्हाला किडकंच सापडलं?" त्यावर मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. पुढे उन्हाळ्यात ती दोन्ही चित्रं ओट्यावरून नाहीशी झाली. मी आळ जहीरवरच घेतला होता.

"तो माणूस आठवस का?" निजामनं विचारलं. "धुयाना फोटोवाला. उन्हायामा दोन दिन आपला ओटावर बठेल व्हता. कोना फोटो, कोना गावना, बठ्ठं इचारे."

आठवला. धुळ्याचा फोटोवाला, चित्रातलं माणूस कोण, कुठलं ते खोदून विचारणारा. तेव्हा त्याला दाढी नव्हती.

मग ओठावरची ती चव माझ्या डोक्यात शिरली. गोडसर आणि मग कडवट. अहो, ती चव मी वर्षानुवर्षं स्वतःच्या बोटांवर चाखत आलो आहे. फोटो पक्का करायचं औषध, हायपो. वैतरणी आमच्या मोरीतून रोज वाहत होती.

मी फुलसिंगला सांगू लागलो. हे चित्र मी काढलं, तुझी बायको तेव्हा जिवंत होती, हा माणूस चोर आहे. तो ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

"तू सांगस ते व्हई," तो शेवटी म्हणाला. "पन मी तिना डोया देखात. कोरा कागदवर ऊनी ती. तुन्हा कागदवर बी येई का?"

याचं उत्तर नंदुरबारला, निजामच्या मिरचीच्या खोलीत होतं.

जाताना आम्ही जमनाबाईच्या झोपड्यावरून गेलो. बातमी आमच्या आधी वर पोचली होती. दारासमोर चुलीची गार राख पसरलेली; विस्तव तिला कुणी देत नव्हतं आणि पाण्यालाही तिला कुणी जाऊ देत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती. समोर ती सोनसावर उभी. एक पान नाही, नुसती पिवळी फुलं, आणि खाली पडलेली फुलं कुणी उचललेली नाहीत. त्या झाडाखालून पोरं पळत जात होती. मी आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं भेसूर झाड पाहिलेलं नाही.

"मी तिले तापमा पानी पाजं," जमनाबाई म्हणाली. "तिनं डोकं मन्हा मांडीवर व्हतं. मी तिले कसाले खासू?"

मग आवाज खाली आणून ती पुढे म्हणाली, "पन सपनमा ती येस. मन्हाकडे देखस. मास्तर, मीच खाधं व्हई का तिले, मलेच ठाऊक नही?"

मला बाबाचा राग आला होताच. पण हा प्रश्न रागाच्या पलीकडचा होता. लबाडानं फसवावं आणि जिवंत बाईला स्वतःचाच संशय यावा. आम्ही फुलं न बघता माघारी फिरलो आणि प्रकाश्याला तापी ओलांडून नंदुरबार गाठलं.

निजामची अंधारी खोली म्हणजे त्याच्या आईची, बिबीजानची, मिरची साठवायची कोठी. लाल कंदील लावून आम्ही तिथे फोटो धुवायचो आणि शिंका द्यायचो. मागच्याच दिवाळीत तिथे एक घोटाळा झाला होता. काचेवरचं मूळ चित्र फिकट आलं तर ते गडद करायला आम्ही आधी रसकापुराच्या, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवतो. शिंकेच्या भरात निजामचा हात चुकला आणि कागदावरचा छापलेला फोटो त्यात पडला. बघता बघता चित्र गेलं. कागद कोरा. निजामनं डोक्याला हात लावला आणि वैतागून तो कागद शेजारच्या हायपोच्या ताटात भिरकावला. तर चित्र परत आलं, तंबाखूच्या रंगाचं. तेव्हा आम्ही हसलो आणि विसरून गेलो. मिरचीच्या कोठीत फोटो धुणाऱ्यांखेरीज ही चूक कोण करणार, असं आम्हाला वाटलं होतं. धुळेवाल्यानंही ती कधीतरी केली होती आणि पोटापाण्याला लावली होती.

पुढच्या बाजाराला गर्दी दुप्पट होती. जमनाबाईला उदेसिंगच्या माणसांनी आणून मांडवासमोर बसवलं होतं. तिच्याभोवती वावभर जागा मोकळी. काठ्या घेतलेले हात स्वस्थ नव्हते.

महाराज रंगात आले होते. "आज पाणी काळं आहे, मायबाप. आज पाण्याला रक्ताचा वास आहे." वास मिरचीचा होता आणि तो निजामच्या कपड्यांना येत होता. त्यांनी काळं फडकं उलगडलं.

मी पुढे झालो; आमचे कोरे कागद निजामजवळ होते. "महाराज, आधी माझा एक कागद सोडा. माझंही माणूस गेलंय."

"ज्याच्यात्याच्या कागदावर आत्मा उतरत नाही, मास्तर. कागद मंतरावा लागतो."

"आत्म्याला कागदाची निवड असते होय?"

दोघं-तिघं हसले. महाराजांनी माझ्याकडे असं बघितलं की ओळख पटल्याचं मला कळलं. "काढा याला बाहेर," ते म्हणाले. उदेसिंग काठी घेऊन निघाला.

तेवढ्यात फुलसिंग उठला. तो निजामसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पसरला. निजामनं कोरा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला, उन्हाकडे धरला. मग कुणालाही न विचारता महाराजांच्या परातीत सोडला.

डाग आला. डागाला डोळे आले. मग आली वीतभर दाढी आणि वर केलेला हात. पाण्याखालून छायानंद महाराज स्वतः वर बघत होते. मागच्या बाजाराला फुलांसाठी आणलेली फोटोची एक काच निजामनं गर्दीच्या डोक्यांवरून त्यांच्यावर खर्ची घातली होती.

"बाबानंच खाधं," मागून कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्या काठ्या एकदम वळल्या.

हे मला सुचलं नव्हतं. खोटं पाडायच्या नादात मी एक डाकीण पुसून दुसरी उभी करत होतो. महाराज परातीमागे आकसले, ओठ पांढरे पडलेले. मी त्यांच्यापुढे आडवा झालो. लोक मला बाजूला लोटायला लागले.

"कोनी खाधं नही," निजाम ओरडला आणि त्यानं आपला दुसरा कागद परातीत टाकला. "देखा, ही मन्ही माय. बिबीजान. जित्ती शे. आते घर मिरच्या खुडी ऱ्हायनी. हाई पानीमा मरेलच येतस ना? मंग मन्ही माय कशी ऊनी?"

परातीत बिबीजान उमटली. मांडीवर सूप, सुपात मिरच्या आणि फोटो काढणाऱ्या लेकावर वैतागलेला चेहरा. कुणीतरी फिसकन हसलं. काठ्या खाली आल्या.

मग मी महाराजांच्या फडक्यातला तो शेवटचा कागद पाण्यात सोडला. काय येणार ते मला ठाऊक होतं. जमनाबाई आली, फांदी धरून. मी काचेवरून नव्यानं छापलेली माझी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. तीच फांदी, तेच फूल, तीच कुरतडलेली पाकळी. रसकापूर काय करतो, हायपो काय करतो, ते मी सगळ्यांना करून दाखवलं. एका म्हाताऱ्यानं आपल्या हातानं कागद कोरा केला आणि आपल्या हातानं परत आणला. तो तीनदा म्हणाला, "हट, एवढंच."

एवढंच होतं. महाराज त्या गर्दीतून कधी सटकले ते कळलं नाही. परात तिथेच राहिली. उदेसिंगही दिसेना, आणि महाराजांना खबर कुणी पुरवली ते मग विचारावं लागलं नाही.

जमनाबाई उठली नाही. फुलसिंग तिच्यासमोर जाऊन बसला आणि त्यानं छातीशी जपलेला तो तंबाखूच्या रंगाचा कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो जवळ घेऊन बघितला.

"हसी ऱ्हायनी ती," ती म्हणाली. "सपनमा बी हसतच व्हती व्हई. मीच भ्यायनू." आणि मग ती रडायला लागली. तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेत आधी फुलसिंग बसला होता, मग त्या हट म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची बायको येऊन बसली.

तो कागद फार दिवस टिकणारा नव्हता, म्हणून मी फुलसिंगला नीट छापलेला फोटो दिला. तो अजून त्याच्या झोपडीत आहे. जहीरची मी माफी मागितली. तो म्हणाला, पाकळी मात्र किडकीच होती.

होती. आणि बाबांनो, कुणी कोऱ्या कागदावर तोंड उमटवून दाखवलं तर भिऊ नका. कागद काय, पाणी काय, ते हातात घेऊन विचारा, वास घ्या, स्वतः करून बघा. आणि कुणी बाईकडे बोट दाखवलं तर आधी बोट कुणाचं आहे ते बघा. पाकळी अळीनं खाल्ली होती. सोनीबाईला तापानं खाल्लं. जमनाबाईनं कुणालाच खाल्लं नव्हतं.