न आलेल्या बॅगा

लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच सुनेच्या लक्षात एक गोष्ट आली. तिच्या सासऱ्यांना माणसांचे चेहरे आठवत नसत, नावं तर त्याहून नाही, पण एकदा हाताखालून गेलेली बॅग ते जन्मात विसरत नसत. रस्त्याने जाताना एखाद्या अनोळखी बाईला थांबवून ते खुशाल विचारत, "काय, डावीकडची चेन सुरळीत चालतेय ना?" बाई आधी दचके, मग हातातल्या बॅगेकडे बघे, आणि मग हसून म्हणे, "अय्या, तुम्ही होय!"

बॅगदुरुस्तीच्या त्यांच्या दुकानात पावती नव्हती, चिठ्ठी नव्हती. फळ्यांवर चाळीस बॅगा ओळीने बसलेल्या असल्या तरी कोणती कुणाची, तिला काय झालंय, मागच्या खेपेला तिला काय झालं होतं, सगळं डोक्यात. "डोकं जागेवर आहे तोवर वही कशाला?" असं ते म्हणत, आणि त्यांचा सगळा रुबाब या एका वाक्यावर उभा होता.

पुढच्या दोन वर्षांत रुबाब तसाच राहिला, गिऱ्हाईक मात्र आटत चाललं. हल्ली चाक निखळलं की लोक बॅगच टाकून देत आणि नवी आणत. म्हणून मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दुकानाची एक वेबसाईट काढली, आणि ती कुणाच्या नजरेलाच पडेना म्हणून एका रविवारी घरी एक तज्ज्ञ आणला. तज्ज्ञ तरुण होता, लॅपटॉप उघडा धरूनच आत आला, आणि चपला काढून बसेपर्यंत "पहिल्या पानावर आणतो" हे तीनदा म्हणून झालं होतं. सासऱ्यांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं करून टाकलं: पहिलं पान.

"सध्या तुम्ही सातव्या पानावर आहात, काका," पहिलं पान म्हणालं. "बॅग दुरुस्ती असं कुणी शोधलं, तर तुमचं दुकान सातव्या पानावर दिसतं. सातव्या पानापर्यंत कोण जातं माहितीये? कुणी नाही."

"मी बाजारामागच्या गल्लीत असतो," सासरे म्हणाले. "तिथपर्यंत येतात लोक."

"ते रस्त्यावर. मी इंटरनेटबद्दल बोलतोय."

"तिथे तुटतात का बॅगा?"

नवऱ्याने "बाबा, प्लीज" असा चेहरा केला आणि सासरे चहा प्यायला लागले.

वेबसाईटवर मजकूर लागतो, भरपूर लागतो, दर आठवड्याला ताजा लागतो, असं ठरलं. तो लिहिणार कोण? दोघांची नजर सुनेकडे वळली. ती तेव्हा आपल्या आठ महिन्यांच्या पिटुकलीच्या तोंडातून लॅपटॉपची वायर काढत होती. एके काळी ती एका कचेरीत पत्रव्यवहार बघायची. आता दुपारी पिटुकली झोपली की जो पाऊण तास मिळे, त्यात जेवायचं, केस विंचरायचे की नुसतं भिंतीकडे बघत बसायचं, एवढंच ठरवायचं असे. "लिहीन की," ती म्हणाली, आणि आपल्याला एवढा आनंद का झाला, याचं तिलाच नवल वाटलं.

पहिल्या पानाने तिला शिकवायला घेतलं. "एक लक्षात ठेवा वहिनी, माणसासाठी लिहायचं नाही. आधी मशीन वाचतं. मशीनला पटलं तरच ते माणसाला दाखवतं."

"आणि माणसाला नाही पटलं तर?"

"तोवर क्लिक झालेलं असतं."

'जवळचे बॅग दुरुस्ती दुकान' हे शब्द लेखात चौदा वेळा यायला हवे होते. तिने ते आणले. 'आपण जवळचे बॅग दुरुस्ती दुकान शोधत असाल, तर जवळचे बॅग दुरुस्ती दुकान कसे निवडावे हे जवळच्या बॅग दुरुस्ती दुकानाइतके कोण सांगणार?' असं वाक्य तिच्या हातून उतरलं, आणि पहिल्या पानाने खाली लाल हृदय पाठवलं.

सासऱ्यांनी तो लेख दुकानात बसून मोबाईलवर वाचला, ओळीखाली बोट धरून. "सूनबाई, दुकान जवळ आहे, जवळ आहे, हे किती वेळा सांगशील? जो जवळ आहे त्याला दिसतंच आहे, आणि जो लांब आहे तो म्हणेल, खोटारडे आहेत."

'आमच्याविषयी' या पानावर पहिल्या पानाने स्वतःच वाक्य घातलं होतं: 'ग्राहक हेच आमचे कुटुंब.' ते वाचून सासऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "मग ह्या घरात राहतात ते कोण?"

महिन्याभरात दुकान सातव्या पानावरून पाचव्यावर आलं आणि तिथे फतकल मारून बसलं. मग पहिल्या पानाने हुकमाचं पान काढलं. "रिव्ह्यू हवेत. तुमच्याच साईटवर 'ग्राहक म्हणतात' असा रकाना आहे, तो रिकामा पडलाय. तीसेक टाका."

"गिऱ्हाइकांना सांगावं लागेल लिहायला."

"गिऱ्हाइकांना?" तो मनापासून चक्रावला. "अहो, तुम्हीच लिहा. 'उत्तम सेवा, नक्की भेट द्या.' झालं."

तिने नवऱ्याकडे बघितलं. "सगळेच करतात गं," तो म्हणाला. "कुणाचं काय नुकसान होतंय त्यात?"

'उत्तम सेवा, नक्की भेट द्या' हे तीस वेळा लिहायला तिला दहा मिनिटं पुरली असती. पण चौदा वेळा 'जवळचे बॅग दुरुस्ती दुकान' लिहिलेल्या हाताला कधीपासून माणसं लिहायची भूक लागली होती. पहिल्या दुपारी तिने एक जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी लिहिला. त्याच्या निळ्या बॅगेला कधीतरी बायकोने हाताने टाके घातले होते. बायको गेली. शिवण पुन्हा उसवली. 'काकांनी तिचे टाके काढले नाहीत,' स्वयंपाक्याने लिहिलं, 'त्यांच्या शेजारून आपले घातले.' हे लिहून होईतो तिचेच डोळे भरून आले, आणि पिटुकली उठली.

मग रोज एक. व्हायोलिन शिकवणारी बाई, पेटीचा कोपरा फुटलेली. पहिल्या नोकरीला परगावी निघालेला मुलगा, वडिलांची बॅग घेऊन. बाळंतपणाला हॉस्पिटलात निघालेली बाई, जिची चेन ऐन वेळी तुटली आणि काकांनी हातातलं काम खाली ठेवून ती पाच मिनिटांत लावून दिली. तिला जे सांगायला कुणी सापडलं नव्हतं, ते सगळं ही माणसं सांगत गेली. तीस सांगितले होते, भरात एकतीस झाले.

नवऱ्याने ते जेवताना वाचून दाखवायला सुरुवात केली. "ऐका बाबा, लोक काय म्हणतात तुमच्याबद्दल!" आणि हळूच तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.

निळ्या बॅगेचं ऐकताना सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "निळी? कधी आली?"

"येऊन गेली असेल की."

"टाके काढले नाहीत, हे बरोबर आहे. मी नाहीच काढणार." त्यांनी आढ्याकडे बघितलं. "पण आली कधी?"

दुकान दुसऱ्या पानावर पोचलं. पहिल्या पानाने फटाक्यांची चित्रं पाठवली. फोन वाजू लागला. एकाने सायकलचं पंक्चर काढता का विचारलं, एकीने नवी बॅग कुठून घेऊ असा सल्ला मागितला, दोघेतिघे खरोखरच बॅगा घेऊन आले. नवरा खूश होता.

एका दुपारी पिटुकलीला कडेवर घेऊन ती दुकानात डबा द्यायला गेली, आणि दारातच थबकली. फळ्यांवरच्या प्रत्येक बॅगेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. 'तपकिरी. हँडल. उंच बाई.' 'काळी. चेनचा रनर बदलणे. चष्मा.' शिलाई मशीनशेजारी एक कोरी करकरीत वही होती.

"हे काय बाबा? डोकं जागेवर आहे ना?" ती थट्टेने म्हणाली.

सासरे हसले नाहीत. हातातलं दाभण त्यांनी कातड्यात खोचून ठेवलं. "उद्या मला डॉक्टरांकडे ने. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

"काय होतंय?"

"विसरतोय." ते अगदी हलक्या आवाजात बोलले, जणू फळीवरच्या बॅगांनी ऐकलं तर त्यांचा विश्वास उडेल. "एकतीस बॅगा, पोरी. लोक एवढं भरभरून लिहितात, आणि मला त्यातली एक आठवत नाही. एक! व्हायोलिनची पेटी आयुष्यात कधी हाताखाली आली, तर विसरेन का मी? माझा थोरला भाऊ असाच गेला. आधी किल्ल्या विसरला, मग घर, मग आम्हाला." त्यांनी पिटुकलीच्या मुठीत आपलं बोट दिलं. "तसंच असेल तर या महिनाअखेर दुकान बंद करतो. कुणी हाताला धरून उठवण्याआधी आपणच उठावं."

ती सांगायला पुढे झाली. तेवढ्यात काउंटरवर एका बाईने बॅग आदळली, "आज मिळेल का हो?" सासरे लगबगीने चिठ्ठी लिहायला लागले, आणि ते वाकून लिहिताना बघून तिने डबा तिथेच ठेवला आणि काढता पाय घेतला. कसं सांगणार? तुम्हाला वेड लागलेलं नाही, फक्त तुमचे आभार कुणीच मानलेले नाहीत, असं?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ते सोळा नंबरची चिठ्ठी धरून बसले होते, शेजारी पिटुकलीला मांडीवर घेऊन ती. बारावा नंबर आत गेला. तेरावा गेला. सासरे तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. तिने कान दिला. आजची तारीख, वार, नातीचा वाढदिवस, घराचा पत्ता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या बॅगा आल्याच नव्हत्या."

"कोणत्या?"

"एकतीसच्या एकतीस. मी लिहिलं ते सगळं. पिटुकली झोपली की."

ते तिच्याकडे वळले. "निळी?"

"मीच."

"जहाजावरचा म्हातारा?"

"तोही मीच."

"व्हायोलिन?"

तिने मान हलवली.

"आणि ती हॉस्पिटलात निघालेली? घाबरलेली?"

"ती तर मीच होते बाबा. चेन तुटली नव्हती, तेवढंच खोटं."

चौदावा नंबर गेला, पंधरावाही गेला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काय येतंय हे तिला कळेना. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "महिनाभर! महिनाभर मी डोक्यातल्या फळ्या उपसतोय! जेवता-खाता व्हायोलिन शोधतोय! मरायची वेळ आणलीस की गं माझ्यावर!" सगळा दवाखाना वळून बघू लागला. पिटुकलीने भोकाड पसरलं. तीही रडायला लागली, आणि सतराव्या नंबरच्या आजीबाईंनी आपला रुमाल तिच्या पुढे केला.

"सोळा," आतून हाक आली.

सासरे उठले. दोन पावलं गेले, परत आले, नातीला तिच्या मांडीवरून उचललं आणि तिला घेऊनच आत गेले. मागोमाग तीही गेली.

"काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. सून खोटारडी निघाली."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "त्यावर माझ्याकडे औषध नाही."

"नकोच आहे," सासरे खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. इतका उजळ चेहरा त्या खुर्चीत क्वचितच कुणाचा झाला असेल. "आलोच आहोत तर रक्तदाब तेवढा बघा."

त्याच दुपारी दोघं दुकानात फोन घेऊन बसली. ती एकेक रिव्ह्यू उडवू लागली, पण सासऱ्यांनी हात धरला. "असं नाही. आधी वाच, मग काढ." तिने वाचलं. ऐकता ऐकता ते मध्येच टोकत. "चेन पाच मिनिटांत? पंधरा तरी लागतात." निळ्या बॅगेपाशी मात्र ते स्टूल जवळ ओढून बसले. "पुन्हा वाच," म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. "चांगलं होतं गं हे," ते म्हणाले. "कुठेतरी दुसरीकडे लिहून ठेव. इथून काढ."

मध्येच पहिल्या पानाचा फोन आला. त्याला तिथे बसल्या बसल्या सगळं दिसत होतं. "वहिनी, काय करताय! पुन्हा सातव्यावर जाल! नवव्यावर जाल!"

"त्याला विचार, शेवटचं पान कितवं असतं?" सासरे म्हणाले. "तिथे शांतता असेल."

नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "व्हायोलिनसुद्धा काढलंस?"

एकतिसावा रिव्ह्यू गेला, आणि पडद्यावर एक उरला. तिच्या माणसांच्या गर्दीत मध्येच कधीतरी येऊन दबून राहिलेला. एकच स्टार. तिने तो मोठ्याने वाचला. "'दुकानदार फार बोलतो. चाक बसवायला दिलं, तर बॅग कशी भरावी यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ट्रेन चुकता चुकता राहिली.'"

"हा कोण तुझा?" सासऱ्यांनी विचारलं.

"हा माझा नाही बाबा."

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. मग ते ताडकन उभे राहिले. "हिरवी! चौकोनी, कडेला राखाडी पट्टी! मागचं डावं चाक! हँडलला कसलीतरी वायर गुंडाळलेली!" दोन्ही हातांनी त्यांनी हवेत बॅगेचा आकार काढला. "अगं, सगळी पुस्तकं वरच्या कप्प्यात आणि कपडे चाकांकडे! जड बाजू वर ठेवल्यावर चाक टिकेल का? मी सांगणार नाही तर काय करणार?"

"हाही काढू?"

"खबरदार काढशील तर! त्याला उत्तर लिही."

तिने पिटुकलीला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या अंगठ्याने टाईप करू लागली. सासरे फळ्यांसमोर येरझाऱ्या घालत सांगत होते, आणि जाता जाता एकेका बॅगेची चिठ्ठी तोडून खिशात कोंबत होते.

"लिही. 'महाशय, उजवं चाकही कुरकुरत होतं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आपण घाईत होता. एव्हाना ते गेलं असेल. बॅग घेऊन या.'"

"झालं?"

"झालं कसं? बॅग कशी भरावी ते अजून लिहायचंय."